राणीच्या गालावरची झीज

महमूदचाचा पहिल्यांदा माझ्या स्टुडिओत आले तेव्हा मला वाटलं, पासपोर्टचा फोटो काढायला आले असतील. रेवदंड्याच्या बाजारात माझा छोटा स्टुडिओ आहे, आणि चाचांच्या वयाची माणसं येतात ती बहुतेक मक्केला, उमऱ्याला जायच्या आधी. मी मागचा पांढरा पडदा खाली ओढला, स्टूल पुढे सरकवलं. चाचा बसले नाहीत. त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमालाची घडी काढली, ती टेबलावर उघडली आणि म्हणाले, "माझा नाही, हिचा काढायचाय." रुमालात राणीच्या छापाचा चांदीचा रुपया होता.

मी नेहमीसारखे दोन्ही दिवे समोरून लावले. फोटो छान आला, रुपया लखलखत होता. चाचांनी तो स्क्रीनवर बघितला आणि मान हलवली.

"लग्नातली नवरी केलीत तुम्ही तिला. एक दिवा बंद करा. दुसरा खाली घ्या, इकडून, तिरका."

मी तसं केलं. या फोटोत राणीच्या गालावर बारीक ओरखडे दिसायला लागले. कानावरचे केस एकमेकांत मिसळून गेले होते, खांद्यावरची नक्षी अर्धी पुसलेली होती.

"आता बरोबर," चाचा म्हणाले. "आता हालत कळते."

हालत हा त्यांचा शब्द. नाण्याचा भाव त्यांनी कधी कुणाला सांगितला नाही. कुणी फारच मागे लागलं तर म्हणायचे, "भाव बाजारात विचार. माझ्याकडे फक्त हालत मिळेल." आणि ती सांगायला ते काही घेत नसत. त्या दिवसापासून पुढची नऊ वर्षं मी त्यांच्याकडे आलेल्या नाण्यांचे फोटो काढले. नाण्याच्या प्रत्येक बाजूचे चार फोटो, दर वेळी दिवा वेगळ्या बाजूला. ते फोटो ते एका जाड वहीत चिकटवायचे आणि खाली एका शब्दात हालत लिहायचे.

त्यांच्या आजोबांचं गलबत होतं. रेवदंड्याच्या खाडीतून निघून ते आखातात जायचं, आणि तिकडेही तेव्हा आपलाच चांदीचा रुपया चालायचा. घरात रुपये असे आले. पण रुपया बघायला चाचा शिकले ते स्वतः कुवेतला गेल्यावर. तिथं एका चांदीच्या दुकानात त्यांनी वीस वर्षं मागच्या टेबलावर काढली. लोक मोडीत घातलेली चांदी घेऊन यायचे, त्यातून वितळवायचं काय आणि बाजूला ठेवायचं काय ते ठरवायचं काम यांचं. परत आल्यावर खाडीजवळच्या सुपारीच्या वाडीतल्या घरात राहिले. मुलगी उरणला दिलेली. घरात ते आणि अमीनाचाची, दोघंच.

पूर्वेच्या खिडकीत त्यांची बैठक होती. सकाळी नऊ ते अकरा, तेवढाच वेळ. "दुपारचा उजेड सगळ्यांना सारखं करतो," म्हणायचे, आणि ट्यूबलाइटखाली तर नाण्याला हातसुद्धा लावायचे नाहीत. आधी साबणानं हात धुवायचे, पुसायचे, मग नाणं कडेनं धरायचं, अंगठा आणि पहिलं बोट. चेहऱ्याला बोट लावलं की आलेल्या माणसाला बाहेर बसवायचे. काळ्या दोऱ्यात बांधलेलं भिंग गळ्यात असे, पण ते शेवटी. आधी नुसतं नाणं उजेडात हळूहळू फिरवायचे. आणि नाणं फिरवता फिरवता समोरच्याला एकच प्रश्न: "इतके दिवस हा राहिला कुठं?"

लोकांना वाटे, म्हातारा गप्पा मारतोय. पण निम्मी हालत त्या उत्तरातच असायची. रुपया कमरेच्या पिशवीत राहिला की माळेत, जमिनीत पुरलेला होता की देव्हाऱ्यात पूजेला, यावर त्याचं अंग ठरतं.

त्यांनी हालतीच्या पाच पायऱ्या केल्या होत्या. कोरा, म्हणजे टांकसाळीतून निघाला तसाच. पेटीतला, म्हणजे फारसा हाती न लागलेला. मग खिशातला, मग बाजारातला. आणि शेवटचा गेलेला, ज्याच्यावर राणी आहे की राजा हेच नीट कळत नाही. इंग्रजी शब्द त्यांना माहीत होते, पण ते कागदावर लिहून देताना. तोंडानं कायम हेच पाच.

मला एकदा म्हणाले, "झीज उंच जागेवर आधी येते. राणीचा गाल, भुवई, कानावरचे केस. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर हत्ती आहे, त्याची सोंड आधी जाते. तुम्ही खोलगट भागात बघत बसलात तर फसाल. तिथं सगळे तरुणच असतात."

आमच्या नाक्यावर सुधीर म्हणून रिक्षावाला आहे, अलिबागच्या फेऱ्या मारतो. एका सकाळी मी चाचांकडे बसलो होतो तेव्हा तो आला, हातात मोबाइल आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक रुपया. मोबाइलवर त्यानं व्हिडिओ दाखवला. एक माणूस सांगत होता की या सालचा राणीचा रुपया असेल तर चार लाख मिळतील, आधी नोंदणीचे पैसे पाठवा. सुधीरनं बायकोची चेन गहाण ठेवून ते पैसे पाठवायचं ठरवलं होतं. चाचांकडे आला होता तो फक्त रुपया खरा आहे एवढं ऐकायला.

चाचांनी रुपया बघितला. "खरा आहे," म्हणाले.

सुधीरचा चेहरा खुलला. चाचांनी आतून स्वतःचा एक रुपया आणला, त्याच सालचा. दोन्ही खिडकीत शेजारी शेजारी ठेवले, गळ्यातलं भिंग काढून सुधीरच्या हातात दिलं आणि म्हणाले, "दोघांत काय फरक आहे तो तू मला सांग. घाई नाही. चहा येतोय."

सुधीर बघत बसला. आधी म्हणाला, काही फरक नाही. मग म्हणाला, तुमच्या राणीला भुवई आहे. मग केस मोजायला लागला. मग खांद्यावरची फुलं. चहा झाला, कप आत गेले, तरी तो बघतच होता. शेवटी सुधीरनं भिंग खाली ठेवलं.

"माझा झिजलाय, चाचा. पार झिजलाय."

"बाजारातला आहे. वाईट नाही. पण असे हजारांनी आहेत." मग मोबाइलकडे बोट करून म्हणाले, "त्या माणसानं तुझा रुपया बघितला का?"

"न्हाय."

"मग त्यानं हालत कशी सांगितली?"

सुधीर उठला, रुपया पिशवीत टाकला आणि गेला. पैसे त्यानं पाठवले नाहीत. मी चाचांना म्हटलं, तुम्ही एका वाक्यात सांगू शकला असता. ते म्हणाले, "मी सांगितलं असतं तर त्यानं घरी जाऊन परत व्हिडिओ बघितला असता."

चाचा नाण्याच्या बाबतीत कधीच खोटं बोलत नसत, असं मी पुष्कळांना सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. एकदा ते माझ्यासमोर खोटं बोलले.

पुण्याहून एक संग्राहक आले होते. चांगले अभ्यासू गृहस्थ. चाचांनी त्यांना आपली पेटी उघडून दाखवली. आजोबांच्या रुपयांपैकी एक होता, कोणत्याही उंच जागेवर काडीची झीज नसलेला, प्रत्येक केस वेगळा. पण त्याची चमक पांढरी, काचेसारखी. पाहुण्यांनी तो उजेडात फिरवला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अरेरे, कुणी घासला हो हा? पूर्ण कोरा होता. घालवलाय."

अमीनाचाची तेव्हा खजूर आणि पाणी घेऊन दारातच उभ्या होत्या.

"मीच घासला," चाचा म्हणाले. "तरणा होतो, अक्कल नव्हती. चिंच लावली, वर राख. वाटलं, चमकेल."

पाहुणे हळहळले, पुढच्या नाण्याकडे वळले. मी फोटो काढून निघालो तेव्हा चाची फाटकापर्यंत आल्या. माझ्या पिशवीत चार सुपाऱ्या टाकता टाकता हळूच म्हणाल्या, "तो रुपया मी घासलाय. लग्नानंतरची पहिली ईद होती. मला वाटलं, काळा पडलाय, यांना उजळून देऊ."

"मग चाचा काय म्हणाले तेव्हा?"

"बघत राहिले जरा वेळ. मग बोलले, छान केलंस. मला तर दहाबारा वर्षांनी कळलं, नाणं घासायचं नसतं. कुणाला तरी समजावत होते, मी आतून ऐकलं." त्यांनी माझ्या पिशवीचं तोंड बंद केलं. "मी विचारलं नाही, ते पण बोलले नाहीत. आता काय विचारायचं."

वहीत त्या रुपयाचा फोटो मी नंतर पाहिला. खाली हालतीचा शब्द लिहिलेला नव्हता. जागा रिकामी होती.

चाचांची बैठक नवाऐवजी दहाला सुरू व्हायला लागली ते माझ्या लक्षात आलं होतं. मग साडेदहाला, ऊन चांगलं वर आल्यावर. स्टूल खिडकीच्या आणखी जवळ गेलं. नाणं ते समोर न धरता जरा बाजूला धरायला लागले, कोंबडी बघते तशी मान वाकडी करून. मी विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं.

त्याच दिवसांत हिराबाई आली. कोळीवाड्यातली, सुकी मासळी विकणारी, साठीच्या आसपासची बाई. पदराच्या गाठीतून तिनं सासूच्या माळेतले दहा रुपये काढले, कड्या लावलेले, आणि वर एक सुटा.

"चाचा, यातला ठेवासारका कंचा हाय त्यो सांगा. बाकीच्यांच्या मना नातीला तोरड्या करायच्यान. अलिबागला सोनाराला देतंय."

चाचांनी एकेक बघितला. माळेतले दहाही बाजारातले, कड्यांच्या टाक्यांनी कडा खराब झालेल्या. सुटा रुपया त्यांनी दोनदा फिरवला. राणीचा गाल सपाट होता, कानावरचे केस सपाट.

"हा तर गेलेलाच," ते म्हणाले. "ठेवण्यासारखं काही नाही बाई. खुशाल वितळव."

मी रिवाजाप्रमाणे सगळ्यांचे फोटो काढले. हिराबाई रुपये गाठीला बांधून गेली. तिला जाताना बघून मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळलं नाही.

चार दिवसांनी चाचा फोटो न्यायला स्टुडिओत आले. हल्ली छापण्याआधी ते मला फोटो स्क्रीनवर मोठे करून दाखवायला सांगत. हिराबाईचा सुटा रुपया आला. पूर्ण स्क्रीनभर राणीचा चेहरा. मी एकामागून एक चार फोटो पुढे नेले.

"परत," चाचा म्हणाले.

मी परत नेले. दिवा फिरत गेला तसा नाण्यावरचा उजेड फिरत होता, पाण्यावरची तिरीप फिरते तसा. मोकळ्या भागावरून तो राणीच्या गालावर चढत होता आणि पलीकडे उतरत होता, कुठंही न तुटता.

"अजून एकदा."

मग ते स्टुलावर बसले. भिंग हातात घेऊन नुसतेच धरून बसले.

"झिजलेल्या जागी उजेड मरतो," थोड्या वेळानं म्हणाले. "इथं बघा, मरत नाही. गाल सपाट आहे तो झिजून नाही. ठसाच हलका बसलाय टांकसाळीत. हा कोरा आहे. अंगाला हात लागलेला नाही त्याच्या."

"पण तुम्ही तर..."

"मला दिसलं नाही." मग त्यांनी ते सांगितलं, मला वाटतं पहिल्यांदाच कुणाला तरी. डोळ्याचा पडदा खराब झालाय. मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं, इलाज नाही. समोर धरलं की मधला भाग जातो, कडा तेवढ्या दिसतात. वर्षभर ते कडांवरून अंदाज बांधत होते.

मी दुकान बंद केलं. नाक्यावर सुधीर होता. त्याच्या रिक्षातून आम्ही अलिबागला गेलो, कोळीवाड्यातल्या बायका जातात त्या सोनाराकडे. वाटेत चाचा एवढंच म्हणाले, "मी तिला विचारलंच नाही, हा कुठं राहिला म्हणून. घाईत होतो. दिसत नाही हे तिला कळू नये याच घाईत." तेव्हा मला कळलं, त्या सकाळी काय चुकल्यासारखं वाटलं होतं.

सोनार भला माणूस होता. त्यानं खणातून चांदीची एक लहान लगड काढून चाचांच्या हातावर ठेवली. आदल्या दिवशीच आटवली होती. चाचांनी ती हातात थोडा वेळ ठेवली, परत दिली, त्याचे आभार मानले. मी म्हटलं, आता घरी जाऊ. ते म्हणाले, "नाही, कोळीवाड्यात."

हिराबाई बंदराकडच्या मोकळ्या जागेत बोंबील वाळवायच्या वलांडीखाली बसली होती, सुकलेले उतरवत. चाचा तिच्यासमोर उकिडवे बसले. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, मला धरूनच खाली बसला. त्यांनी सरळ सांगितलं. सुटा रुपया चांगला होता, फार चांगला. मी चुकलो. माझे डोळे गेलेत आणि मी ते लपवलं. आता तो आटलाय.

हिराबाईचे हात चालूच होते. बोंबलांची एक ओळ उतरवून झाल्यावर म्हणाली, "सासूचा व्हता त्यो. त्याला कडी लावू द्याची न्हाय ती. फडक्यात बांदून पेटाऱ्यात ठेवलेला. मी म्हनून सुटा आनला तुमच्याकडं, का तुमी सांगाल."

"मी विचारलं असतं तर तू हे सांगितलं असतंस."

"व्हय. सांगितला असता."

चाचा म्हणाले, "माझ्या पेटीत रुपये आहेत. त्यातला तुला हवा तो घे. सगळ्यात चांगला घे."

"तुमचं रुपय मना नको. ते माजे सासूचं न्हाईत." तिनं पाटी बाजूला सारली. आवाज चढलेला नव्हता, पण तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला मासळीचे हात चालत नव्हते, म्हणून तिनं खांद्याला तोंड पुसलं. "तुमी आला नसता तर मना कलला बी नसता. मंग सांगाला कशाला आलाव?"

"मला कळलं म्हणून," चाचा म्हणाले.

तिनं पाटी परत पुढ्यात ओढली. आम्ही उठलो. सुधीर रिक्षा सुरू करून थांबला होता.

चाचांनी बैठक बंद केली. लोक यायचे, चाची दारातूनच परत पाठवायच्या. दोन महिने मी तिकडे गेलो तर चाचा नुसते वही मांडीवर घेऊन बसलेले असत. पानं उलटत नसत.

मग एक दिवस हिराबाई त्यांच्या दारात उभी राहिली. चाचींनी तिला मात्र परत पाठवलं नाही. ती आत आली आणि खाली न बसताच म्हणाली, "कोलीवाड्यान घराघरान अशी रुपय हाईत. मुंबयचे लोक येतान, काट्यावर तोलून नेतान. आमच्या बायांना काय कलत न्हाय. चाचा, मना बघाला शिकवा."

चाचा म्हणाले, "मला दिसत नाही."

"मना दिसतंय ना," हिराबाई म्हणाली. "तुमी ईचारा. मी सांगतंय."

चाचींनी तिला साबण आणि लिंबाची फोड दिली. मिठाच्या हातानं चांदी काळी पडते, म्हणून आधी हात. मग ती खिडकीत बसली आणि चाचा तिच्या शेजारी. पहिले काही दिवस ती सगळ्याच रुपयांना बाजारातला म्हणायची. चाचा रागवायचे नाहीत, प्रश्न विचारायचे. भुवई आहे का? किती केस वेगळे दिसतात? आता फिरव. उजेड गालावर चढतो का खाली थांबतो? ती थांबून, नाक नाण्याला लागेल इतकं जवळ नेऊन बघायची. मासळीचा ताजेपणा कल्ल्यावरून ओळखणारी बाई ती. पावसाळा संपेपर्यंत पाचही पायऱ्या तिच्या बोटावर आल्या. हलका ठसा आणि झीज यांतला फरक तिला एकदा कळला तो परत सांगावा लागला नाही.

वहीतलं अक्षर बदललं. हालतीचा शब्द आता मी लिहायचो, ती सांगेल तो. चाचा शेजारी बसून ऐकायचे. कधी तिचं म्हणणं मोडायचे, मग आणखी दोन प्रश्न विचारायचे आणि बऱ्याचदा तिचंच कायम ठेवायचे. मुंबईचे लोक अजून येतात, पण कोळीवाड्यात आता काट्यावर काही जात नाही. आधी हिराबाईला दाखवतात.

गेल्या थंडीत चाचांची तब्येत उतरली. मुलगी त्यांना आणि चाचींना उरणला न्यायला आली. सुधीरच्याच रिक्षातून अलिबागपर्यंत, पुढं गाडी. बाजारात माझ्या दुकानासमोर रिक्षा थांबली. चाचा मागच्या सीटवर शाल घेऊन बसले होते. तोवर त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळत होतं.

हिराबाई पाटी डोक्यावरून खाली ठेवून आली. निरोप वगैरे काही नाही, आल्या आल्या म्हणाली, "चाचा, कालचा त्यो जॉर्ज पेटीतला हाय. मी आज परत बघितला."

"सोंड सांगितलीस ना काल अर्धी गेलेली? मग खिशातला."

"सोंड हाय. काल सांज झालेली. आज सकालचे उजेडान बघितला, टोकापरत हाय."

"तू बघितलंस ना. मग पेटीतला. लिहा हो," असं मला म्हणाले.

मी लिहितो म्हटलं. चाचींनी त्यांची शाल सारखी केली. सुधीरनं रिक्षा सुरू केली, तेव्हा चाचांनी हात बाहेर काढून हलवला. आम्ही दुकानाच्या पायरीशी उभे होतो, आणि ते हात हलवत होते पलीकडे, औषधांच्या दुकानाकडे तोंड करून. हिराबाईनं ते पाहिलं. ती भरभर रस्ता ओलांडून औषधांच्या दुकानापुढे जाऊन उभी राहिली आणि रिक्षा वळणाआड जाईपर्यंत तिथून हात हलवत राहिली.